मालकांनी सांगितलेलं दुखणं

डॉक्टर कसा असावा, हे लोकांनाच विचारायला पुण्याहून एक बाई विंझरच्या शाळेत आल्या होत्या. गावचे डॉक्टरही पुढंच बसलेले, त्यामुळे जो तो उठून "देवमाणूस हायेत" म्हणायचा आणि खाली बसायचा.

अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ती कंबरदुखीच्या गोळ्या खात होती आणि तिची कंबर दुखतच नव्हती. शेवटच्या बाळंतपणापासून तिचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत होतं. पण दवाखान्यात बाईचं दुखणं सांगायचं ते नवऱ्यानं, हीच रीत. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, गेनबाला विचारलं, त्याला लाजेनं ते बोलवेना, त्यानं कंबर सांगून टाकली.

"मावशी, तुमचं काय म्हणणं?" पुण्याच्या बाईंनी विचारलं.

"तिचं काय न्हाई," गेनबा म्हणाला.

"हाय!" अंबूबाई उठली. "डाक्टरानं आदी मालकाला भाईर काढावं, मग बाईला इचारावं."

गेनबाची मान खाली गेली. मग त्यानं टोपी सारखी केली. "चला रं, भाईर," म्हणत तो उठला, तसे सगळे पुरुष निघाले. डॉक्टरही उठले.

"तुमी कुठं निगाला? बसा," अंबूबाई म्हणाली. "तुमालाच सांगायचंय."