बोंड अधिक दाढ

बोंड + दाढ = दातांचा दवाखाना.

दवाखान्याच्या नव्या पाटीसाठी हे गणित शाहीनने दर्यापूरच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून चार दिवस मांडलं. फुटलेल्या कापसाचे चार फुगवटे, दाढेचे चार उंचवटे. एकावर एक ठेवले, नीट बसले. मधोमध किडीचा काळा ठिपका.

मालक गफ्फारचाचा एकाच गालाने सुपारी चघळत म्हणाले, "ते हसणारी गोरी बाई टाक न बाप्पा. वीस वर्सांपासून दातवाल्याइले तेच चालून राहिली."

"चाचा, तिच्यासारखे दात आपल्या गावात हायेत कोनाले?"

"बरं. आठ दिवस देतो. नाही चाललं तं बाई परत, अन् तू पुन्हा वाढदिवसाच्या फ्लेक्सवर."

पाटी लागली.

बोंड + दाढ + ठिपका = ?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्राजक्ताताईंचा फोन. "शाहीन, ये जरा. पेशंट एकही नाही, पण गर्दी खूप आहे."

दवाखान्याच्या पायरीवर सात शेतकरी. प्रत्येकाच्या हातात किडकं बोंड. बोंडावर काळं छिद्र दिसलं की या मुलखात एकच गोष्ट आठवते: अळी. सगळ्यांना फवारणीचं औषध हवं होतं.

चार दिवसांचं गणित, आणि उत्तर अळी. शाहीनला डोळ्यांपुढे वाढदिवसाचे केक दिसू लागले.

सगळ्यांत पुढे पुंजाजी. गाल टम्म सुजलेला, हनुवटीखालून दुपट्टा घेऊन डोक्यावर गाठ मारलेली.

"आजोबा, दाढ दुखते ना?" ताईंनी विचारलं.

"दाढेचं मंग पाहू. गेली तं एक जाईन. तिकडं पाच एकर उभं हाये, बोंडाचं सांगा."

ताई हसल्या. शाहीन मात्र त्या गाठीकडे बघत राहिली. दोन टोकं वर, सशाच्या कानांसारखी. ही गाठ वाचायला शाळा लागत नाही.

"आजोबा, जरा असेच बसा." तिने त्यांच्या हातातलं बोंड घेऊन त्यांच्याच गालाशी धरलं.

"काहून?"

"गणित चुकलं होतं माझं."

बोंड + दाढ − ठिपका + दुपट्टा

नवी पाटी दुकानातच भिंतीला टेकवली होती. दुपट्टा बांधलेलं, जरा रुसलेलं बोंड. गफ्फारचाचा पाटीसमोर येऊन उभे राहिले. हात आपोआप गालावर गेला.

मग सुपारी थुंकून म्हणाले, "ते डॉक्टरीन किती वाजता बसते?"