आवाजाच्या वाटेवर कोण?

मित्रांनो, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो माझा. मी एक जुना राउटर आहे. शेजारी मोडक्या खुर्च्या आणि ओली फडकी असतात. कपाटाचं दार उघडलं की मी आधी उघडणाऱ्याच्या हाताकडे पाहतो. हातात बादली नाही ना, याची खात्री होईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

एका कारखान्यात मला घडवलं, तपासलं आणि औषधं पुरवणाऱ्या या कंपनीत आणलं. कार्यालय इथे, गोदाम गावाबाहेर. दोन्हींमधले फोन, फायली, चित्रं सगळं लहान लहान पाकिटांत विभागून माझ्यातून जातं. पाकीट आमच्या जाळ्यात शिरताना तिथला पहिला राउटर त्याचा लांबलचक पत्ता वाचतो, वाट ठरवतो आणि वर आकड्याचं लेबल लावतो. मग मधल्या कुणालाच पत्ता वाचावा लागत नाही. मी फक्त आकडा पाहतो, तो काढून शेजारच्या राउटरला कळेल असा दुसरा लावतो आणि पाकीट पुढे ढकलतो. लेबलावर निकडीची खूणही असते. आवाजाची खूण असेल तर ते पाकीट सर्वांत आधी. फाइल थोडी थांबली तरी चालते, बोलणं थांबून चालत नाही. आत काय आहे, हे मी कधीच उघडून पाहत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग सगळे मला विसरले. माझी आठवण निघाली ती फोनवरचे आवाज तुटायला लागल्यावर.

मला मात्र आधीच वास आला होता. आवाजाची पाकिटं लहानखुरी, एकसारखी असतात. हल्ली त्याच खुणेची फुगलेली पाकिटं येत होती, आणि थांबतच नव्हती. पण लेबल सांगेल ते मला ऐकावंच लागतं.

एका सकाळी मोठे साहेब जिन्याखाली आले. कंपनी त्यांची. गोदाम त्यांचा धाकटा भाऊ सांभाळतो. सोबत आमचं जाळं सांभाळणाऱ्या ताई होत्या, आणि शिपाईकाका.

"ताई, मी भावाशी बोलतो तेव्हाच आवाज बरा तुटतो! मध्ये कोणीतरी कान लावून बसलंय."

"बसणार कुठे साहेब?" काका म्हणाले. "इथे झाडू ठेवायला जागा नाही."

"तुम्हाला विचारलंय का? या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," ताई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी."

ताईंचा चेहरा उतरला. साहेबांनी किल्ली मागून घेतली. "संध्याकाळपर्यंत कारण सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका. आणि हे डबडं भंगारात जाईल."

दार बंद झालं. अंधारात मीही प्रत्येक पाकिटाकडे संशयानं पाहू लागलो.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी साहेबांना बोलावून कपाट उघडायला लावलं आणि माझ्याशी लॅपटॉप जोडला. माझ्याकडे प्रत्येक खुणेच्या पाकिटांची मोजदाद असते. ती त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"साहेब, सगळे जेवायला गेलेत. फोन जागच्या जागी आहेत. मग आवाजाच्या वाटेवर एवढी गर्दी कोणाची?"

"सापडला ना चोर! शोधा, शोधा!"

ताई एकेका लेबलाचा माग काढत उलट्या निघाल्या. माझ्याकडून शेजाऱ्याकडे, तिथून त्याच्या शेजाऱ्याकडे, थेट गोदामाच्या दारातल्या राउटरपर्यंत. लेबल तिथेच लागत होतं.

"हे तर गोदामातले कॅमेरे आहेत," त्या म्हणाल्या. "बसवणाऱ्यानं त्यांना आवाजाची खूण दिलीय. ते रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसतात आणि खरा आवाज चेंगरतो."

साहेब हळूच म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला. चित्र क्षणभरही अडकता कामा नये म्हणून."

"एवढं काय बघायचं होतं?" काकांनी विचारलं.

"धाकटा काय करतो ते."

"म्हणजे तुमचा डोळाच तुमच्या कानावर बसला होता म्हणायचा!"

ताईंना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. त्यांनी कॅमेऱ्यांची खूण बदलली. "आता फोन नीट चालतील. चित्र मात्र मधूनमधून अडकेल."

"मग तिकडे काय चाललंय, मला कळणार कसं?"

"फोन करून विचारा, साहेब."

साहेबांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. नजर मात्र वर उचलली नाही. "उद्या या," एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले.

मित्रांनो, आम्ही मधले राउटर तुमच्या लेबलावर विसंबून असतो. म्हणून निकडीची खूण लावताना विचार करा. जो तो पुढे घुसला, तर ज्याला खरंच घाई आहे तो मागे राहतो. आणि आमच्यावरची धूळ पुसताना फडकं कोरडं घ्या, एवढं ऐका.

थोड्याच वेळात कार्यालयाकडून गोदामाकडे आवाजाची पाकिटं निघाली. लहानखुरी, एकसारखी. उत्तरंही येऊ लागली. दोघा भावांचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी पाहिलं नाही.