मागच्या दाराचा नवरा

माझे सासरे आबासाहेब खोटं बोलत नाहीत. सूतगिरणीत सारा जन्म काढला पण जिभेला खोटं लागू दिलं नाही, असं ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. अशा माणसाच्या पोटी माझा नवरा दिपक जन्मला आणि त्यानं क्रेडिट कार्ड घेतलं.

कार्ड मिळालं चिंचोळी एमआयडीसीत, कंपनीच्या गेटवरच. सोबत पाठीवरची एक बॅग फुकट. त्या कार्डावर आधी माझ्या नणंदेची, पायलची, नर्सिंगची फी भरली. ते चांगलंच केलं. मग भिंतीएवढा टीव्ही आला, त्याबद्दल मी आजही चार शब्द सुनावते. पुढे कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, हप्ते थांबले आणि बँकेची वसुलीवाली माणसं दारात यायला लागली.

आता आबांची पंचाईत झाली. मुलाला वाचवायचं आणि खोटंही बोलायचं नाही. त्यांनी तोड काढली. दारावर थाप पडली की ते दिपकच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक करायचे. तो मागच्या दारानं बोळात जाऊन उभा राहायचा. मग आबा पुढचं दार उघडून छाती काढून सांगायचे, "दिपक घरात न्हाय. भाईर गेलाय." आणि तो खरंच बाहेर असायचा, कधी बनियनवर, कधी अर्ध्या दाढीला साबण लावून. शेवटी शेजारच्या गोजरबाईंनी त्याला बोळात बसायला पाट दिला आणि पुढ्यात लसूण टाकला. "बसलाच हाईस तर सोल की," म्हणाल्या. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस तिथं मुकाट लसूण सोलायचा.

मी चिडायचे. "आबा, हे खोटंच झालं की."

"कसं? घरात हाय का त्यो? बग की तूच."

मग एक दिवस कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला. त्यालाही तेच उत्तर. तो पुन्हा आला, पुन्हा तेच. शेवटी कागद दाराला चिकटवून निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीनं तो वाचला. बँकेनं वसुलीचा दावा लावला होता.

"हातात घेतलं न्हाय म्हंजे लागू न्हाय," दिपक म्हणाला. मी कागद उलथन्यानं खरवडून काढला आणि स्कूटीवरून थेट वकील वैष्णवी मॅडमकडे गेले.

त्यांनी स्पष्टच सांगितलं. दाराला लावला म्हणजे मिळाल्यातच जमा. मुदतीत आपलं लेखी उत्तर, म्हणजे कैफियत, दिली नाही तर एकतर्फी निकाल लागणार आणि मग पगारावर टाच येऊ शकते. दिपकची नोकरी ठेकेदाराकडची. कोर्टाचा कागद कंपनीत पोचला असता तर ठेकेदारानं त्याला दुसऱ्या दिवशी गेटबाहेर उभं केलं असतं.

कैफियतीत दाव्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचं असतं. दिपक म्हणाला, "सगळं अमान्य लिवा."

आबा भडकले. "पायलची फी अमान्य? आन् ह्यो टीव्ही काय आपोआप उगवला?"

शेवटी मॅडमनी लिहिलं ते असं : वापरलेले पैसे मान्य, हप्त्यानं फेडू. न विचारता गळ्यात मारलेला विमा आणि त्यावर चढवलेलं व्याज अमान्य. दिपकनं सही केली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसलो. नेमक्या मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकल्या. "नाव पुकारलं की उभं राहून हजर म्हणा आणि कैफियत पुढं करा. मी आलेच," एवढं दिपकला बजावून गेल्या. आमच्या बाकामागं व्हरांड्यात उघडणारं एक दार होतं. ते मी बघून ठेवायला हवं होतं.

शिपायानं खणखणीत पुकारा केला, "दिपक आबासाहेब लवटे..."

आबांचा हात आपोआप दिपकच्या पाठीवर गेला. टकटक. आणि माझा शहाणा नवरा कैफियत छातीशी धरून मागच्या दारानं बाहेर. आबा उठून उभे राहिले, छाती काढून म्हणाले, "हितं न्हाय, साहेब. भाईर गेलाय."

कारकुनानं गैरहजर लिहायला पेन उचललं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून आबांकडे पाहिलं.

"बाहेर म्हणजे कुठे?"

वसुलीवाल्यांनी दमदाटी भरपूर केली, पण एवढं सरळ आबांना कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

"त्या दारामागं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मीच घालवलं, साहेब. दर बारीला मीच घालवतो. आपलं खरं ऱ्हावं म्हणून पोराला भाईर उभा करतो. खोटंच हाय की ते."

कोर्टात कुणी हसलं नाही. वर्षभर मला या माणसाचा राग येत होता, पण तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं. मी उठून त्यांच्या शेजारी उभी राहिले.

दार उघडून दिपक आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. आमच्याकडे न बघता तो सरळ पुढं गेला आणि कागद टेबलावर ठेवला.

"हजर हाय, साहेब. पैसे मी वापरलेत. आबांचा काय संबंध न्हाय."

न्यायाधीशांनी कैफियत दाखल करून घेतली, पुढची तारीख दिली आणि हप्त्यांचं बँकेशी बोलून बघा म्हणाले. वैष्णवी मॅडम धापा टाकत आल्या तोवर काम उरकलं होतं.

जिन्यात बँकेच्या वकिलांनी आम्हाला गाठलं. तडजोडीचं बोलू म्हणाले आणि मोबाईल काढून आबांकडे वळले. "काका, तुमचा नंबर सांगा. निरोप तुमच्याकडेच देत जाईन."

"माजा कशाला? त्याचाच घ्या," आबा म्हणाले. "त्यो घरातच असतोय."