बाजूच्या सीटवरचा ब्रेक

बाईंनी वीस वर्षं लोकांच्या पोरांना गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो त्यांचा. पायाला इतकी सवय, की टीव्हीवर गाडी वेगात आली तरी यांचा उजवा पाय फरशीवर धाडकन! लेक चिडवायची, "आई, थांबला बघ सोफा."

लेकीला अठरा पूर्ण झाली तशी बाईंनी तिला गाडी दिली, पण नवशिक्यांच्या किल्लीची. त्या किल्लीवर गाडी ऐंशीच्या वर पळत नाही, पट्टा लावल्याशिवाय गाणी वाजत नाहीत आणि प्रत्येक फेरीची खबर आईच्या फोनवर. "गाडी आहे की चुगलखोर नणंद?" लेक फणकारली.

दुसऱ्याच आठवड्यात फोनवर खबर आली. चार वाजून बारा मिनिटं, जोराचा ब्रेक, पायाने दाबलेला. पोर सावध आहे म्हणायची, असं बाईंना वाटलं. पण लेक घरी आली ती पांढरीफटक पडून.

"खरं सांगू? मी फोनमध्ये बघत होते. ट्रक दिसलाच नाही मला. ब्रेक आपोआप खाली गेला, कुणीतरी दाबावा तसा."

बाईंनी फोनवरची वेळ पुन्हा पाहिली. चार बाराला त्या ओट्याशी भांडी लावत होत्या, आणि त्यांचा पाय उगाचच इतक्या जोरात आपटला होता, की टाच अजून ठणकत होती. लेकीला यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. गाडी चालवताना फोन बघितल्याबद्दल मात्र पोटभर झापलं.

महिन्याभरात आणखी तीनदा असंच झालं. वेळ दरवेळी मिनिटाला मिनिट जुळली. आता लेक बाहेर पडली, की बाई खुर्चीत पाय रोवून बसत. शिकवणीला दांडी, जेवणावर लक्ष नाही. टाच सुजून भोपळा झाली आणि शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं.

"मी घरी येईपर्यंत गाडीला हात लावशील तर बघ," बाईंनी लेकीला बजावलं.

कमरेत सुई टोचली आणि खालचं सगळं अंग परक्याचं झालं. तेवढ्यात नर्सजवळ दिलेला फोन वाजला.

"काकू, लेक निघाली वाटतं गाडी घेऊन. न्यायला येत असेल."

बाईंनी सगळा जीव एकवटून पाय दाबला. हिरव्या कापडाखाली तो ढिम्म हलला नाही.

"अहो, माझा पाय दाबा कुणीतरी! जोरात दाबा!"

"शांत व्हा काकू, आता काही दुखणार नाही."

फोन पुन्हा वाजला. "जोराचा ब्रेक," नर्सने वाचलं, "पायाने दाबलेला." बाई पायाकडे बघतच राहिल्या. तो होता तसाच पडला होता.

तासाभराने लेक वॉर्डात आली.

"एक आजोबा मध्येच आले गं. वाचले ते, काही नाही झालं त्यांना. पण मी क्षणभर नुसती वाट बघत बसले होते."

"कसली वाट?"

लेक पलंगावर टेकली आणि पांघरुणावरून आईच्या पायावर हात ठेवला. तो हात बाईंना कळलासुद्धा नाही.

"रोज बाजूला तू असायचीस, आई. आज नव्हतीस. मग मीच दाबला."

बाईंना ओरडायचं होतं, पण हुंदकाच फुटला.