मधल्या पट्टीतला पाय

उमरेडच्या प्रेमिलाबाई मेश्राम यांनी सारी नोकरी शाळेतल्या पोरींना खो-खो शिकवण्यात घालवली आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्याच्या मैदानांवर पंच म्हणून शिटी वाजवली. डावा डोळा जन्मापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. तरी बाईंची शिटी वाजली की वाद संपायचा.

पण उन्हाधुळीनं तोही डोळा धरला. नाकाकडच्या कोपऱ्यातून लालसर मांस बुबुळावर चढत गेलं आणि आतून मोतीबिंदू पिकला. खो-खोत पाठलाग करणारीचा पाय दोन खांबांमधल्या पट्टीत पडला की फाऊल; एका सामन्यात पोरीचा पाय पट्टीत पडला की बाहेर, हे बाईंना दिसलंच नाही. सामना संपताच त्यांनी शिटी पंच मंडळाच्या सुमंत देवपुजारींच्या हातात ठेवली.

"बाई, तुमची तक्रार कोणीच केली नाही."

"कोणी करायची वाट काहून पाहू? अंदाजानं शिटी वाजवणं मले जमत नाही."

मुलगा प्रीतम त्यांना नागपुरात डॉक्टर चारुशीला यांच्याकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि काहीही न लपवता सांगितलं, "आधी मांस काढून काही महिन्यांनी मोतीबिंदू करता येईल, किंवा दोन्ही एकदम. एकदम केलं तर एकाच वेळी सुटका. पण या मांसानं बुबुळाचा आकार ओढून बिघडवलाय. ते काढल्यावर आकार बदलेल, म्हणून भिंगाचा नंबर तंतोतंत जुळेलच असं नाही. चष्मा लागू शकतो."

प्रीतम खुर्चीत पुढे सरकला. "माय, दुसरा डोळा तुह्या कामाचा नाही. काही कमीजास्त झालं तं?"

"काही न करता बी आंधळीच होऊन राहिली ना मी?" बाई डॉक्टरांकडे वळल्या. "दोन्ही एकदम करा मॅडम. चष्म्याची मले लाज नाही."

शस्त्रक्रियेत मांस खरवडून काढलं, पापणीखालच्या पातळ पडद्याचा तुकडा त्या जागी लावला आणि नवं भिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, तर सगळं पाण्याखाली बुडाल्यासारखं. डोळा लालभडक. परतीच्या एसटीत प्रीतमनं हात धरला, तेव्हा बाई म्हणाल्या, "सूज उतरेल म्हणे. थांबून पाहू."

थांबल्या. थेंब चुकवले नाहीत, चुलीच्या धुरात गेल्या नाहीत. लाली हळूहळू ओसरली आणि एका सकाळी अंगणातल्या तुळशीचं पान न् पान वेगळं दिसलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बाईंना तिरप्या नंबरचा चष्मा लावला आणि त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचत गेल्या. डॉक्टर हसल्या. "इतकं छान येईल, अशी खात्री मीसुद्धा दिली नव्हती."

बाई तडक सुमंतरावांकडे गेल्या. "माही परीक्षा घ्या."

"तुमची? मी?"

"हो. मनात शंका ठेवून शिटी घेणार नाही."

सुमंतरावांनी मैदानावर पोरींना पळवलं आणि स्वतः रेषेपाशी वाकून उभे राहिले. बाई खांबाजवळून सांगत गेल्या, पट्टीत, बाहेर, बाहेर, पट्टीत. एकदाही चूक नाही. सुमंतरावांनी शिटी परत दिली.

हिवाळ्यात नागपूरला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. शेवटच्या क्षणाला उमरेडच्या रितिकानं झेप घेऊन समोरची पोर टिपली. ती बाद झाली की उमरेडची बरोबरी होणार होती. मैदान ओरडलं. त्या ओरड्यातच बाईंची शिटी वाजली. फाऊल. झेपेआधी रितिकाचा पाय मधल्या पट्टीत पडला होता.

रितिका बाईंच्याच हाताखाली खेळायला शिकलेली. उमरेडचे लोक उठून उभे राहिले. "बाई, आपलीच पोर आहे! डोळ्याच्या आपरेशननंतर नीट दिसून राहिलं ना?"

बाईंनी मान वळवली नाही. हात वर तसाच. वेळ संपली, उमरेड एका गुणानं हरलं.

रितिका धापा टाकत त्यांच्यासमोर आली. डोळे भरलेले. मागचा गलका थांबला.

"बाई, पडला होता पाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "मले कळलं होतं."

प्रेमिलाबाईंचा ऊर भरून आला. स्वतःच्या नजरेचा अभिमान त्यांना होताच, पण या पोरीचा त्याहून मोठा होता. त्यांनी पोरीच्या गालावरची धूळ पदरानं पुसली.

"शाबास वं माय," त्या म्हणाल्या. "चाल, आता जिंकलेल्यांशी हात मिळव."

आणि रितिका ताठ मानेनं पलीकडे चालत गेली.