उजव्या कुशीवरचा कोयता

मी एक आरशी. हातभर उंच, वीतभर रुंद, पाइनच्या साध्या चौकटीतली. वाचायला मला येत नाही. माझ्यात अक्षरं पडतात तीच उलटी. पण एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. एक कोपरा काळा पडलाय, पाठीचं रुपेरी अस्तर सुटत चाललंय, तरी आतली माणसं सगळी जागच्या जागी आहेत.

जन्म माझा पूर्वेकडच्या कारखान्यातला. भुशात पुरून आगगाडीनं मला मोंटानात आणलं, आणि मी हेगरांच्या रँचवर, गुराख्यांच्या खोलीत एका खिळ्याला लागले. शनिवारी गावात नाच असायचा. त्या दिवशी सहा-सहा जण फेसाळ गालांनी माझ्यात घुसायचे.

"सरक रे, कितीही खरवडलंस तरी तेच थोबाड निघणार!"

"माझं बदललं तर माझी घोडी मला लाथ घालील, म्हणून जपतोय."

त्यातला मर्ल ऑफ्टेडाल दाढी कमी करायचा आणि बघायचा जास्त. एकोणीस वर्षांचा, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. भिंतीवरच्या कॅलेंडरातले घोडे तो पिठाच्या रिकाम्या पिशवीवर कोळशानं उतरवायचा. ते जमेनासं झालं की स्वतःचंच तोंड काढायचा, माझ्यात बघून.

मालकाचा मुलगा रॉस्को त्याच्याच वयाचा. दोघांनी मिळून वासरांना डाग दिले. रॉस्को वासरू आडवं पाडून धरायचा, मर्ल तापलेलं लोखंड टेकवायचा. हेगरांच्या मालकीचा डाग कोयत्याचा, डाव्या कुशीवर. ओढ्यापलीकडे ब्रुन्सन राहायचा. त्याचाही डाग कोयताच, पण उजव्या कुशीवर. सरकारी वहीत दोन्ही वेगवेगळे. एका हिवाळ्यात हेगरांच्या वीस कालवडी गेल्या, त्या कुणी नेल्या हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं आणि सिद्ध कुणालाच करता आलं नाही. तेव्हापासून रॉस्कोसमोर ब्रुन्सनचं नाव काढायची सोय नव्हती.

मर्ल चित्रकार व्हायला निघाला, तेव्हा रॉस्कोनं मला खिळ्यावरून काढलं नि त्याच्या खोगिराच्या पिशवीत कोंबलं.

"घेऊन जा हिला. तू गेल्यावर हिच्यात बघण्यासारखं इथं उरतंय कोण?"

गावात मेलेली जनावरं भुसा भरून उभी करणारा ओट्टो नावाचा म्हातारा होता. मर्लनं त्याच्याकडे दोन हिवाळे काढले. एल्क हरणाचं कातडं उतरवताना ओट्टो म्हणायचा, "पोरा, हात घाल. खांद्याचं हाड कुठं फिरतं ते बोटांना कळू दे. डोळा लबाड आहे." मर्ल पुढं नावारूपाला आला तो या हाडांमुळे. त्याचं अस्वल वजनानं चालायचं, त्याचा घोडा बर्फात खरंच पाय शोधायचा. बियाण्यांच्या कंपनीचं कॅलेंडर झालं, मग बँकांच्या भिंती, मग लिलाव, नि टोप्या घातलेले लांबलांबचे श्रीमंत लोक.

त्यात माझंही काम होतं. चित्र होत आलं की मर्ल त्याच्याकडे पाठ करायचा आणि माझ्यात बघायचा. सरळ बघून बघून डोळा चित्राला सरावतो. उलटं दिसलं की आखूड पाय, वाकडी मान लगेच सापडते. मी चूक दाखवायची, तो पुसायचा. बायको व्हर्ना दारातूनच सांगायची, "मर्ल, तो एल्क शिंकणार आहे का?" तो चिडायचा. मग माझ्यात बघायचा नि गुपचूप नाकपुडी पुसायचा.

व्हर्ना गेली. तिच्यामागं त्याच्या एका डोळ्यावर धुकं आलं. आता तो चित्राकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघू लागला. मला तेव्हा बरं वाटायचं. आज त्याचीच लाज वाटते.

रँच विकायला काढली त्या शरदात रॉस्को आला. फुप्फुसं संपली होती त्याची. दारापासून खुर्चीपर्यंत दोनदा थांबला.

"गुरं गेली, मर्ल. शेवटचा ट्रक मंगळवारी गेला. मला ती भिंतीवर हवीत. डोंगरातून घराकडे उतरतात ना, तशी. मी जायच्या आधी."

"तुझी भिंत तेवढी मोठी आहे का, म्हाताऱ्या?"

"नसेल तर तुझी जनावरं लहान काढ. पण माझी काढ."

मर्लनं तीन महिने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. काय चित्र झालं ते! गुरं डावीकडच्या डोंगरातून उजवीकडे घराला निघालेली, नाकातून वाफा, मागं घोड्यावर तरणा रॉस्को. उजवीकडे निघालेल्या गुराची उजवीच कूस दिसणार. डाग असतो डाव्या कुशीवर, म्हणजे तो दिसायलाच नको. मर्लनं डाग काढले नव्हते, तेच बरोबर होतं.

शेवटच्या दिवशी त्यानं सवयीनं पाठ केली नि माझ्यात बघितलं. माझ्यात ती गुरं डावीकडे चालली होती. समोर डावी कूस, आणि कोरी.

"अरे देवा," तो पुटपुटला, "डागच राहिले की!"

व्हर्ना दारात नव्हती. मला तोंड नाही. बारीक कुंचला घेऊन तो वळला आणि एकेका जनावराच्या कुशीवर कोयता काढत गेला. एकवीस कोयते. मग पुन्हा माझ्यात बघून समाधानानं हसला.

रविवारी रॉस्कोला त्याच्या मुलीनं हाताला धरून आणलं. कॉफीचा पेला तसाच हातात ठेवून तो चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला.

"गुरं देखणी आहेत," तो म्हणाला. "कुणाची रे?"

"तुझीच. आणखी कुणाची?"

"ही ब्रुन्सनची आहेत, मर्ल."

मर्ल आधी हसला. मग त्यानं माझ्यात बघितलं. माझ्यात सगळं ठीक होतं. मग चित्राकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. एकोणिसाव्या वर्षापासून तो चेहरा मी पाहत आले. तसा तो कधीच नव्हता.

"जाऊ दे लेका," रॉस्को खोकत म्हणाला. "लोकांना सांगेन, शेवटी मीही ब्रुन्सनची वीस पळवली. वर आणखी एक. दे बांधून."

"नाही. या हातांनी डाग दिलेत मी त्यांना. नीट करून देतो. वसंतापर्यंत."

"मला वसंत नाही रे, मर्ल."

"देतो म्हटलं ना!"

रॉस्को रिकाम्या हातानं परतला. मर्ल रोज सुरी घेऊन डाग खरवडायला उभा राहायचा, स्वतःच्या कुशीला हात लावायचा, एकदा डावी, एकदा उजवी, आणि सुरी ठेवून द्यायचा. बर्फ वितळायच्या आत रॉस्को गेला. दफनाहून आल्यावर मर्लनं टोपीही काढली नाही. मला धरून भिंतीकडे तोंड करून टांगलं. दोन वर्षं मी पाइनच्या फळीची रेघ पाहत होते. कुंचला धुतल्याचा आवाज पुन्हा आला नाही. मग मर्लचा आवाजही थांबला.

आज घरातलं सामान विकायला काढलंय. कुणा बाईनं मला उचललं, बाहीनं पुसलं, नि समोरच्या टेबलावर टेकवलं. पलीकडच्या भिंतीशी ते चित्र आहे. लोक बघतात, एखादा जुना रँचर पुढं वाकतो, डाग पाहतो आणि मान हलवून निघून जातो.

बायांनो, बापांनो, मला जो कुणी नेईल त्यानं ते चित्रही न्यावं आणि मला त्याच्यासमोर लावावं. माझ्यात डोंगर भलत्या बाजूला येतात, ते मला ठाऊक आहे. पण कोयता डाव्या कुशीवर येतो. एवढ्या मोठ्या मोंटानात रॉस्कोची गुरं आता माझ्यातच उरलीत, आणि माझं अस्तर रोज थोडं सुटतंय.