आभाळातले निरंजनबाबा

"दिसले व माय, दिसले! आभायात उभे हायेत!"

चांदूर रेल्वेच्या जिनिंगपुढे कापसाच्या गाड्या तशाच सोडून माणसं तोंड वर करून उभी होती. भिंतीवर निरंजनबाबांचं चित्र असलेली 'निरंजन काढ्या'ची जाहिरात चिकटवलेली. चेहरा काळाकुट्ट, डोळ्यांच्या जागी पांढरी भोकं, नाकावर एक पांढरा ठिपका. साल अठ्ठावन्न असावं. मी शाळेत होते आणि त्या भोकांकडे पाहायला घाबरायचे.

काढेवाले खुशालराव बाकड्यावर चढून ओरडत, "पापणी पाडू नका! नाकावरच्या ठिपक्याले नजर लावा, 'निरंजन काढा, निरंजन काढा' म्हणत राहा. हां, आता पाहा वर!"

वर खरंच पांढराशुभ्र चेहरा तरंगायचा. डोळे मिटले तरी जायचा नाही. काढा म्हणे खोकल्यावर, हिवतापावर आणि कोर्टाच्या निकालावरही चाले. खुशालरावांच्या पडशावर तेवढा चालत नसे. ते दिवसभर नाक पुसत.

पुढे जाहिरातीतले बाबा स्टेशनच्या फलाटावर आले, विहिरीच्या कठड्यावर आले, शाळेच्या मागच्या भिंतीवर आले. जेवताना सारवलेल्या भिंतीकडे पाहिलं तरी मला ते दिसत.

शेजारच्या गोदाबाईंची वेणू तापानं फणफणली होती. "विषमज्वर आहे, अमरावतीला न्या," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोदाबाई मात्र काढाच पाजत.

"मले बाबा सोताच्या डोयानं दिसले," त्या म्हणत. "डॉक्टरले काय दिसते?"

ग्लानीत वेणूही पुटपुटायची, "निरंजन काढा..." गोदाबाई हात जोडत.

आमचे विज्ञानाचे देवराव गुरुजी त्यांना समजावून थकले. मग बाजाराच्या दिवशी सकाळीच त्यांनी जिनिंगच्या भिंतीवर बाबांशेजारी काळ्या कागदाची एक चप्पल कापून चिकटवली. मधोमध पांढरा ठिपका.

"आता हिच्याकडे टक लावा. नाव घ्यायचंच तर माह्या चपलेचं घ्या!"

लोक हसले, पण पाहत राहिले. मग त्यांनी वर बघितलं.

"अगा बाप्पा! चप्पल!"

आभाळात पांढरी चप्पल तरंगत होती.

"एकाच जागी टक लावली की भोवतालचा उजेड पाहणारा डोळ्याचा भाग थकतो, काळं पाहणारा ताजा राहतो," गुरुजी म्हणाले. "मग उजेडाकडे पाहिलं की काळ्याचं पांढरं दिसतं. बाबांचं तोंड काहून काळं छापलं, समजलं? आभाळात कोणीच नाही. जे आहे ते तुमच्या डोळ्यात आहे."

खुशालराव जरासुद्धा वरमले नाहीत. "म्या कुठं म्हटलं बाबा येतात? पाहा म्हटलं. दर्शन तं तुमीच ठरवलं."

हे मला त्या काळ्या चेहऱ्याहून भयंकर वाटलं.

गोदाबाई खाली बसून अजून वरच बघत होत्या. "मंग गुरुजी, बाबा नाई, तं माह्या पोरीले कोन वाचवन?"

"दवाखाना. बडनेऱ्याची गाडी यायची आहे, तिथून अमरावती. उठा."

त्या उठल्या. वेणू वाचली, पण ताप लांबला आणि एक कान कायमचा गेला. गोदाबाई जन्मभर तिच्या दुसऱ्या बाजूला बसून बोलल्या.

आता जाहिरातीला भिंत लागत नाही. ती घरात येते, हातात येते. चेहरा गोरा, हसरा असतो आणि नाव आपल्या तोंडात नकळत घोळत राहतं. म्हणून सांगते, डोळ्यांनी पाहिलं म्हणजे खरं असं धरू नका. ते का दिसलं आणि दाखवणारा काय विकतो आहे, हे विचारा. आणि घरात कोणी तापानं पडलं असेल, तर विचारतही बसू नका. आधी डॉक्टरकडे निघा.